शब्दचर्चा : ‘फील्ड’, रकाना आणि शोधनिकष

विचारणा (धुळे) :
आरोग्यनोंदींच्या देवाणघेवाणीसाठीच्या ‘फायर’ या मानकावर मराठीत टिपण लिहीत आहे. रुग्णाच्या नोंदीतील एलिमेंट आणि ती नोंद शोधण्यासाठीचे सर्च पॅरामीटर या दोन्हींना आमच्याकडे सर्रास ‘फील्ड’ म्हणतात. दोहोंसाठी ‘क्षेत्र’ हा एकच शब्द चालेल का? आणि त्यांचा परस्परांशी संबंध लावण्याला ‘जुळणी’ म्हणावे का?

प्रतिसाद (जळगाव) :
एकच शब्द मुळीच चालणार नाही, कारण या दोन वस्तू वेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की हवी ती नोंद हाती लागत नाही. एलिमेंटला ‘रकाना’ म्हणावे. दवाखान्याच्या नोंदवहीत माहिती जिथे लिहितात त्या जागेला आपण रकानाच म्हणतो. सर्च पॅरामीटरला ‘शोधनिकष’ म्हणावे, कारण कोणत्या रकान्यात आणि कोणत्या नियमाने पाहायचे हे तो ठरवतो.

या दोहोंचे नाते एकास एक नसते. फोन आणि ईमेल हे दोन निकष आहेत, पण दोन्ही ‘टेलिकॉम’ या संपर्काच्या एकाच रकान्याकडे जातात. तपासणीच्या नोंदीसाठी ‘डेट’ हा निकष आहे, पण त्या नावाचा रकाना नाही. तो निकष ‘इफेक्टिव्ह’ हा रकाना, म्हणजे तपासणी ज्या वेळेची मानायची ती वेळ, पाहतो. अहवाल कधी उपलब्ध झाला हे ‘इश्यूड’ या निराळ्या रकान्यात असते, त्यामुळे सोमवारी घेतलेल्या रक्ताचा बुधवारी आलेला अहवाल बुधवारच्या तारखेने शोधणाऱ्याला तो मिळणार नाही.

आपल्याकडच्या नावांबाबत तर विशेष जपावे लागते. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लिहिण्याची आपली रीत आहे आणि ही दोन्ही नावे ‘गिव्हन’ या एकाच रकान्यात ओळीने बसतात. त्याच नावाच्या निकषाने ‘रामदास’ शोधले तर रामदास नावाचा रुग्ण येईल, तसाच रामदासचा मुलगाही येईल.

विचारणा (नंदुरबार) :
जिल्ह्यानुसार शोध घ्यायचा झाल्यास?

प्रतिसाद (जळगाव) :
हे सर्वांत बोलके उदाहरण आहे. पत्त्यात जिल्ह्याचा रकाना आहे, परंतु मानकाच्या आर४ आवृत्तीत शहर, राज्य, देश आणि पिनकोड यांना स्वतंत्र निकष असूनही जिल्ह्याला तो नाही. ‘अ‍ॅड्रेस’ हा सर्वसाधारण निकष पत्त्याच्या कोणत्याही भागाशी ताडून पाहू शकतो, त्यामुळे ‘धुळे’ शोधल्यास धुळे शहरातील रुग्ण तर येतीलच, पण १९९८मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा होण्यापूर्वीचे पत्ते तसेच राहिलेले शहादा-तळोद्याचे रुग्णही येतील. जिल्ह्याचा स्वतंत्र निकष हवा असेल तर तो आपणच घडवावा लागतो आणि तो ‘पेशंट’ या रुग्णनोंदीच्या पत्त्यातील ‘डिस्ट्रिक्ट’ या रकान्याकडे जातो हे त्याच्या व्याख्येत लिहावे लागते.

हे जे लिहायचे, त्यालाच मी ‘जोडणी’ म्हणेन. ‘जुळणी’ नको, कारण दोन नोंदी एकाच रुग्णाच्या आहेत का हे पडताळण्याला रुग्ण-जुळणी म्हणतात आणि ते काम निराळे आहे.

निकषाचा प्रकारही जोडणीसोबतच लिहावा. मजकूर प्रकारच्या निकषात शोध रकान्यातील मजकुराच्या आरंभापासून ताडला जातो, म्हणून शहराच्या रकान्यात ‘जळगाव’ शोधल्यास बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदही येते. ते टाळण्यासाठी निकषाला ‘एक्झॅक्ट’, म्हणजे तंतोतंत, ही पुस्ती जोडावी लागते. अहिराणी बोलणाऱ्याने सांगितलेले ‘जयगाव’ नोंदणी करणाऱ्याने तसेच उतरवले असेल, तर मात्र यांपैकी कोणत्याही उपायाने ते सापडणार नाही. तिथे नोंद करतानाच गावांच्या ठरलेल्या यादीतून नाव निवडायला लावणे आवश्यक आहे. आपल्या टिपणातील तक्त्यात निकष, प्रकार आणि रकाना हे तीन स्तंभ तरी स्वतंत्र ठेवावेत, अशी आग्रहाची विनंती आहे.