२२.५ अंशांचा काप बरोबर, पण जोड ताण घेणारा हवा

वर कुणीतरी अष्टकोनी छपराच्या पाटाला, म्हणजे वाशांखालच्या आडव्या तुळयांना, कोपऱ्यात ४५ अंशांचा काप सांगितलाय. तो चौकोनाचा. आतला कोन १३५ अंश, म्हणजे कोपऱ्यात वळण ४५ अंशांचं; ते दोन तुळयांत निम्मं वाटलं की प्रत्येक टोकाला २२.५. इथे अर्ध्या अंशाची चूकही महागात पडते: आठ कोपऱ्यांत सोळा काप, शेवटच्या जोडात आठ अंशांची फट. समोरासमोरच्या भिंतींमध्ये २० फूट असतील तर बाजू ८ फूट सव्वातीन इंचांच्या किंचित वर येते (०.४१४ ने गुणा).

चर्चेत राहून गेलेली गोष्ट म्हणजे छपराचा रेटा. मधे जमिनीपर्यंत खांब नसेल तर कोपऱ्यांवरचे आठ वासे पाटाला बाहेर ढकलतात आणि पाट पिंपाच्या कड्यासारखा ताणात राहतो. नुसता तिरका काप आणि खिळे तिथे टिकत नाहीत. जोड उघडतो, शेंडा खाली बसतो. अर्धी-अर्धी जाडी कापून टोकं एकमेकांवर बसवा, बोल्ट घाला, बाहेरून लोखंडी पट्टी वाकवून फिरवा. आणि मुंबईत रे रोडच्या लाकूडबाजारातून लाकूड आणाल तर आधी ओलावा मोजा. ओलं सागवानही सुकताना रुंदीत आकसतं आणि तिरका जोड आतल्या बाजूने उघडतो.