‘एरर’ म्हणजे त्रुटी, चूक की आणखी काही?

विचारणा
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मुलांना जावास्क्रिप्ट ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा शिकवते. पडद्यावर लाल ओळ उमटली की कोणी ‘मॅडम, एरर येऊन राहिला’ म्हणते, कोणी ‘एरर आली’ म्हणते, आणि दोन्ही कानाला खटकत नाहीत. आमच्या टिपणांत मात्र वाक्यरचना त्रुटी, संदर्भ त्रुटी, प्रकार त्रुटी असा सरसकट एकच शब्द आहे. मुलांना तो ठाऊक आहे शिष्यवृत्तीच्या अर्जावरून, जिथे त्रुटी निघाली म्हणजे कागद कमी पडला. सगळ्याच एररना तो चालेल काय?

प्रतिसाद
मॅडम, मुलांनी धरलेला अर्थच मुळाला धरून आहे. त्रुटी म्हणजे उणीव, म्हणून कचेरीत त्रुटीची पूर्तता करतात आणि चूक मात्र दुरुस्त करतात. या कसोटीवर रेफरन्स एरर तेवढी खरी त्रुटी ठरते, कारण प्रोग्रामात वापरलेले नाव कुठेही जाहीर केलेले नसते. सातबाऱ्यावर नावच नाही म्हणा ना. (‘संदर्भ त्रुटी’ वाचून मला तर ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ आठवते.) ‘लेट’ने जाहीर केलेले नाव त्या ओळीच्या आधी वापरले तरी हीच एरर येते, पण तिथे फेरफार नोंदवलेला असून मंजूर व्हायचा राहिलेला असतो.

टाइप एररमध्ये नाव सापडते, पण जे त्याच्याकडे मागितले ते देण्याजोगे त्याच्या रकान्यात काही नसते. जावास्क्रिप्टमध्ये रिकामेपण दोन तऱ्हांचे आहे. ‘अनडिफाइन्ड’ म्हणजे कोरा राहिलेला रकाना, आणि ‘नल’ म्हणजे मुद्दाम ‘निरंक’ लिहिलेला. दोहोंपैकी कशाचाही गुणधर्म विचारला की टाइप एरर येते. ‘निरंक’ हा शब्द तलाठ्यापासून शिपायापर्यंत सर्वांच्या तोंडी असताना टिपणकार ‘नल’ला शून्य का म्हणतात, हे मला उमगलेले नाही, कारण शून्य ही तर चांगली संख्या आहे. या एररला मी प्रकारदोष म्हणेन. कंस मिटवायचा राहिला तर येणारी सिंटॅक्स एरर ही साधी व्याकरणाची चूक, आणि तेवढ्यासाठी अख्खी फाइल चालायची थांबते. यादीची लांबी उणे मागितली की येणारी रेंज एरर म्हणजे मर्यादाभंग. हे चारही प्रकार ईसीएमएस्क्रिप्टच्या, म्हणजे जावास्क्रिप्टच्या प्रमाण नियमावलीच्या, १९९९ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून भाषेत आहेत.

दुसरा प्रतिसाद
ज्या चुकीला लाल ओळच येत नाही, तिचे काय? माझ्या पुतण्याने घरच्या कापसाच्या हिशेबासाठी एक पान तयार केले. पहिल्या खेपेचे १२ क्विंटल आणि दुसऱ्या खेपेचे ८ क्विंटल भरल्यावर बेरीज आली १२८. पानावरच्या चौकटीत लिहिलेले यंत्राला मजकूर म्हणून मिळते आणि अधिकचे चिन्ह मजकुराला मजकूर जोडते. गुणाकाराचे चिन्ह मात्र त्याच मजकुराची निमूट संख्या करते, त्यामुळे १२८ला भावाने गुणून पुढची रक्कम बिनतक्रार निघाली आणि माझे भाऊ क्षणभर सुखावलेही. याला पुस्तकी शब्द तर्कदोष, पण पोराचा तर्क तर बरोबर होता. आपल्याकडे अशा वेळी ‘गफलत झाली’ म्हणतात, आणि बेसावधपणाचा अर्थ त्या शब्दात आधीपासूनच आहे.

विचारणा करणारीकडून
‘गफलत’ आणि ‘निरंक’ उद्यापासून फळ्यावर लिहिते. मात्र काल एका मुलीने मराठी कळफलकावरून देवनागरी अंकांत १२ लिहिले, ‘नंबर’कडून त्याची संख्या करून घ्यायला गेली आणि उत्तर आले ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’. लाल ओळ इथेही नव्हती. ‘असंख्य’ म्हणावे तर अर्थ भलताच होतो, आणि ‘संख्या नव्हे’ म्हणावे तर ‘टाइपऑफ’ लावल्यावर जावास्क्रिप्ट त्याचा प्रकार ‘नंबर’च सांगते. याला शब्द कोणी सुचवील काय?