गुडघ्यांमुळे आईची टेकडी बंद झालीये, व्यायाम कुठला करावा?

सहकारनगरची_लेक:
नमस्कार मंडळी, आईसाठी विचारतीये. वय ६३. कित्येक वर्षं रोज सकाळी पुण्यातली तळजाई टेकडी चढायची, तिथला बायकांचा ग्रुप, गप्पा, उतरल्यावर चहा, सगळं ठरलेलं. दिवाळीनंतर उजवा गुडघा धरला, आता दोन्ही दुखतात. एक्स-रेमध्ये गॅप कमी झालाय, झीज आहे, पण ऑपरेशनची वेळ आलेली नाही म्हणाले. चढउतार बंद, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. काय करायचं नाही ते सगळं सांगितलं आणि करायचं काय तर "हलका व्यायाम करा" एवढंच. आता आई घाबरून बसूनच असते, वजन वाढतंय, चिडचिड होते, मैत्रिणींचे फोनपण घेत नाही, मला ते जास्त लागतं. पोहता येत नाही तिला. गॅलरीत व्यायामाची जुनी सायकल पडून आहे. कोणाच्या घरी असं झालं असेल तर प्लीज नीट सांगा, काय केलं आणि कशानं फरक पडला.

फिजिओ_कोथरूड:
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी आईंना हे सांगा की चालल्यानं गुडघा आणखी झिजेल ही भीती काढून टाका. कार्टिलेजला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, हालचालीत सांधा दाबला-सोडला जातो तेव्हा आतल्या वंगणातूनच त्याला पोषण मिळतं. बसून राहिलं की मांडीचे स्नायू उतरतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. म्हणून चालणं, सायकल वगैरे नंतर, पहिलं काम मांडीचं.

पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा. आईंना म्हणावं स्वतःचा हात मांडीवर ठेवून बघा, पुढचा स्नायू दगडासारखा लागला पाहिजे, ५ सेकंद धरून सोडा, १० वेळा, दोन्ही पाय. मग उताणं झोपून एक पाय दुमडून दुसरा सरळ फूटभर उचलायचा, हळूच खाली. हे जमायला लागलं की खुर्चीतून उठबस, पण खुर्ची उंच घ्या, नसेल तर वर जाड उशी, आणि हाताचा आधार सुरुवातीला घेतला तरी चालेल. फरक जाणवायला सहा-आठ आठवडे लागतात, आठवड्यात सोडू नका, बहुतेक जण तिथेच सोडतात.

करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं परत आधीइतकं व्हायला हवं, नाही झालं तर संख्या कमी करा, बंद करू नका. पण गुडघा सुजून गरम लागला, ताप आला, मध्येच अडकला किंवा पाय एकदम लचकून सुटायला लागला तर व्यायाम थांबवून डॉक्टरकडेच जा.

पाण्यातली_मावशी:
अगं पोहता यायची गरजच नाही! मी पाण्यात नुसती चालते. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की अंगाचं वजन पायांवर जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा येतं, कमरेपर्यंत असेल तर निम्मं. कडेचा बार धरून पुढे चालायचं, मागे चालायचं, खेकड्यासारखं आडवं चालायचं, पाणीच अडवतं त्यामुळे दमायलाही होतं. लेडीज बॅच असलेला तलाव बघ आणि फी भरायच्या आधी दोन गोष्टी विचार, उथळ भाग किती आहे आणि आत उतरायला पायऱ्या आहेत की उभी शिडी, कारण आमच्या इथे शिडी होती आणि चढताना गुडघ्याची वाट लागायची, शेवटी मी तलाव बदलला. ओल्या फरशीवर रबरी चपला घालायच्याच. आणि पुढे कोणी पोहायला शिकवलंच तर बेडकासारखे पाय मारायचे नाहीत, गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण येतो.

सायकलवाले_काका:
गॅलरीतली सायकल पुसून घ्या. सीट खाली ठेवून चालवतात आणि मग सायकलनं गुडघे दुखतात म्हणतात. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, मग चवडा ठेवून चालवताना आपोआप थोडासा बाक राहतो. लोड शून्य, ५ मिनिटांपासून सुरू.

योगाभ्यासी:
वज्रासन, पद्मासन सध्या नको. खुर्ची, पट्टा, दोर, घड्या घातलेली ब्लँकेटं घेऊन आसनं करायची अय्यंगार पद्धत आपल्या पुण्यातच वाढली, मॉडेल कॉलनीतली योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांची संस्था १९७५ ची. त्या पद्धतीनं शिकलेल्या शिक्षिका बऱ्याच पेठांत, उपनगरांत आहेत. गुडघ्याचं पहिल्याच दिवशी सांगायचं.

सहकारनगरची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. टॉवेलवाला व्यायाम काल आईकडून करून घेतला, मांडीला हात लावून तीच म्हणाली की उजवी अगदी मऊ लागतीये. आता एकच, ती विचारते टेकडी कायमची गेली का?

फिजिओ_कोथरूड:
नाही हो. त्रास चढण्यापेक्षा उतरण्याचा जास्त असतो, उतरताना गुडघ्यावर वजनाच्या तिप्पट-चौपट भार येतो. तळजाईला वरपर्यंत रस्ता आहे, रिक्षानं वर जाऊ दे, ग्रुपबरोबर वरच्या सपाट भागात झाडीत चालू दे, १०-१५ मिनिटांपासून, आणि रिक्षानंच खाली. काठी घेतली तर जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे त्यांच्या डाव्या. घरच्या जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मैत्रिणींना मात्र आजच फोन लावून द्या.