अनुभव धागा : किशोरांसाठीची भयकादंबरी सुचते कुठून आणि छापली जाते कशी?

भयकथा लिहिणारे इथे बरेच आहेत, पण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी अख्खी कादंबरी लिहून ती छापून आणलेले थोडे. त्यांनी, आणि वाटेत अडकलेल्यांनीही, लिहावं म्हणून हा धागा. मेरी शेलीने १८१६ साली 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुस्तक १८१८ मध्ये निघालं, तेही निनावी. तेव्हा हे वय नुसतं घाबरायचंच असतं असं कोणी म्हणू नये. भीती कुठून आली आणि पुस्तक कसं झालं, दोन्ही सांगा. 'लिहीत राहा, यश मिळेल' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

*

माझी कादंबरी स्लीप पॅरालिसिसमधून आली. शाळेच्या शेवटच्या वर्षांत मला जाग यायची, डोळे उघडायचे, पण बोटही हलायचं नाही. पलंगाच्या पायथ्याशी कोणीतरी उभं आहे याची पक्की खात्री असायची. नंतर डॉक्टरांनी समजावलं : स्वप्नं पडतात त्या झोपेत अंगाचे स्नायू लुळे पडतात, नाहीतर स्वप्नातलं धावणं आपण खरोखर धावलो असतो. कधी मेंदू आधी जागा होतो आणि अंग मागे राहतं. हा त्रास बऱ्याच जणांना पहिल्यांदा किशोरवयातच होतो.

हे कळल्यावर भीती कमी झाली, कथा मात्र तिथून सुरू झाली. माझ्या नायिकेलाही हेच शास्त्रीय कारण सांगितलं जातं आणि ते खरंही असतं. फक्त एका रात्री पायथ्याशी उभं असलेलं ते तिच्या धाकट्या भावालाही दिसतं, आणि तो तर टक्क जागा असतो.

संपादकांनी पहिल्या खर्ड्याच्या समासात जागोजाग एकच प्रश्न लिहिला होता : 'आई कुठे आहे?' किशोरकथेतली ही जुनी अडचण. मोठी माणसं हाताशी असली तर ती संकट सोडवून टाकतात, म्हणून लेखक त्यांना प्रवासाला पाठवतो नाहीतर सरळ मारून टाकतो. मी आईला गावाला धाडलं होतं. नव्या खर्ड्यात तिला परत आणलं आणि शेजारच्या खोलीत बसवलं. ती येते, दिवा लावते, पांघरूण नीट करते, 'काही नाही गं' म्हणते आणि दिवा मालवून जाते. पुस्तकात लोकांना सगळ्यात जास्त घाबरवणारं पान हेच, आणि त्यात भूत नाही.

*

मी इंग्रजीत लिहिते, त्यामुळे एजंटची, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाला पुस्तक विकणाऱ्याची, वाट धरली. एक पानाचं पत्र, कथासार आणि सुरुवातीची काही पानं पाठवायची. कथासारात शेवट सांगावाच लागतो, आणि भयकथा लिहिणाऱ्याच्या जिवावर येतं ते नेमकं हेच. पण रहस्य उघडं पडल्यावर कथा उभी राहते का, हेच त्यांना बघायचं असतं. शब्दसंख्येकडेही लक्ष ठेवा : या वयोगटात साधारण पन्नास ते ऐंशी हजार चालतात.

नकार बहुतेक दोन ओळींचे आले, काही आलेच नाहीत. एका एजंटने मात्र सविस्तर लिहिलं की हिंसा चालेल, पण तुमची सोळा वर्षांची मुलगी चाळिशीतल्या बाईसारखी मागे वळून बघते. लागलं मनाला. मग अख्खी कादंबरी वर्तमानकाळात, तिच्याच तोंडून लिहून काढली. तीच विकली गेली.

करार झाल्यावर पुस्तक हातात यायला दीड-दोन वर्षं सहज जातात. प्रकाशकाने दिलेली आगाऊ रक्कम रॉयल्टीतून, म्हणजे विक्रीतल्या आपल्या वाट्यातून, वळती होईपर्यंत पुढे छदामही येत नाही. नोकरी सोडू नका, एवढंच.

*

वरच्या ताईंशी सहमत, पण सगळ्यांना एजंट मिळत नाही. मी स्वतःच छापली : मागणीनुसार छपाई, शिवाय ई-बुक. त्याआधी एका 'प्रकाशकाने' निवड झाल्याचं कळवलं आणि पाठोपाठ छपाईखर्चाचा आकडा धाडला. निवड करून वर लेखकाकडेच पैसे मागणारा माणूस पुस्तकं नाही, लेखक विकून जगतो. स्वतः छापायचं ठरवलंत तर मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांवर हात आखडू नका. माझं पहिलं मुखपृष्ठ इतकं रक्तबंबाळ होतं की शाळेच्या ग्रंथपालांनी पुस्तक उघडूनही पाहिलं नाही. आता तिथे फक्त अर्धवट उघडं दार आहे.

*

मी लेखक नाही, वय सतरा. लेखकांना एकच विनंती : फोनची बॅटरी संपवू नका. आमचा फोन चालू असतो, रेंजही असते. मैत्रिणीला मेसेज जातो, ती वाचते, आणि उत्तर देत नाही. हे लिहा ना कोणीतरी.

*

सतराच्या वाचकाला : घेतलं. तिसऱ्या प्रकरणातली बॅटरी आजच चार्ज करते.