प्रति: यादीवरून जाणाऱ्या मेलचा ‘फ्रॉम’

यादीने (मेलिंग लिस्टने) सभासदाच्या मेलमधल्या ‘फ्रॉम’ला, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्याला, हात लावू नये, हे तुमचं म्हणणं मला तत्त्व म्हणून पटतं, पण एप्रिल २०१४ पासून ते सरसकट चालत नाही. त्या महिन्यात याहूने आपल्या डोमेनला डीमार्कचं (‘फ्रॉम’मधलं डोमेन खरं आहे का हे तपासायच्या पद्धतीचं) ‘रिजेक्ट’ धोरण लावलं, म्हणजे तपासणीत नापास झालेला मेल नाकारा, असं सांगितलं. याहूवाला सभासद यादीवर लिहायचा, जीमेल ते नाकारायचं, आणि बाउन्स (नाकारून परत आलेले मेल) मोजून मेलमॅन, म्हणजे यादी चालवणारं सॉफ्टवेअर, बंद करायचं ते जीमेलवाल्याचं सभासदत्व! त्याचा काय दोष?

डीमार्कला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळलेलं लागतं. यादीवरून गेलेल्या मेलचं एसपीएफ (पाठवणारा सर्व्हर डोमेनला मान्य आहे का, ही तपासणी) पास होतं, पण यादीच्या डोमेनसाठी; ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी ते जुळत नाही. उरते डीकेआयएमची सही, म्हणजे पाठवणाऱ्याच्या डोमेनने मेलवर केलेली डिजिटल सही. विषयाआधी कंसात यादीचं नाव जोडलं किंवा तळाला दोन ओळी चिकटवल्या की तीही मोडते. म्हणून आधी हे दोन्ही बंद करून बघा. मेल जसाच्या तसा पुढे गेला तर सही सहसा टिकते आणि मूळ पत्ताही राहतो.

तळटीप हवीच असेल तर ‘फ्रॉम’मध्ये यादीचा पत्ता घाला, पण फक्त ‘रिजेक्ट’ किंवा ‘क्वारंटाइन’वाल्या (नापास मेल संशयित म्हणून बाजूला टाका, असं सांगणाऱ्या) डोमेनपुरता. मूळ पत्ता मात्र ‘रिप्लाय-टू’मध्ये हवाच, नाहीतर एकट्याला लिहिलेलं उत्तर सगळ्या यादीला जातं.