किऑस्कवरचा मराठी मजकूर दिसतोय भारी, पण कुणी वाचेचना

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. इथं सोलापुरात एका छोट्या प्रदर्शनासाठी टचस्क्रीनचं काम करालोय, विषय १९३० चा मार्शल लॉ आणि आपले चार हुतात्मे. युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) केलंय कारण मला तेच येतं. मागं जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो, त्यावर केशरी पट्टी, पट्टीवर पांढरी अक्षरं, आणि मजकूर आपोआप वर सरकतो, पिक्चर संपल्यावर नावं सरकतात तसा. ऑफिसात सगळे म्हणले एक नंबर. परवा हॉलमधे ट्रायलला ठेवलं तर लोक येतात, फोटोवर बोट लावतात, पुढं जातात. एक आजोबा तेवढे थांबले, चष्मा वर करून खाली करून बघितले आणि म्हणले, "बाळ, काय लिवलंय ते तूच वाचून दाखव की." लई लागलं मनाला.

दुसरा घोळ असा की युनिटीत 'शिंदे' लिहिलं की वेलांटी श च्या आधी यायची ती पुढं जाऊन बसते, आणि 'धनशेट्टी' मधला ट्ट सुटून पाय मोडलेला ट दिसतो. ज्यांना फाशी झाली त्यांचं नावच चुकीचं कसं ठेवायचं, म्हणून सगळा मजकूर फोटोशॉपमधे टाइप करून पीएनजी, म्हणजे चित्र, केला आणि चिकटवला, अशी १८ पानं झाली. आता प्रदर्शनाच्या ताई म्हणतात अंध शाळेची मुलं पण येणारेत. पीएनजी त्यांना कोण वाचून दाखवणार? फॉन्ट कुठला, साइज किती, कलर काय, सांगा कुणीतरी. बजेट शून्य.

कोडर_विजापूर_रोड
भावा, युनिटीतली चूक तुझी नाही. युनिकोडमधे (कॉम्प्युटर अक्षरं साठवतो ती पद्धत) आधी श साठवलेला असतो आणि त्यामागं वेलांटी, ती उचलून डावीकडं मांडणं, ट आणि ट चा जोड करणं हे काम शेपिंग इंजिनचं असतंय. युनिटीतलं मजकूर दाखवणारं टेक्स्टमेशप्रो देवनागरीसाठी ते करतच नाही, आलं तसं ओळीनं मांडून मोकळं होतं. क्रोम आणि फायरफॉक्स ब्राउझरमधे हार्फबझ नावाचं शेपिंग इंजिन आहे, तिथं हे दुखणं नाही.

आणि खरं सांग, तुझ्या कामात गेम कुठाय? मजकूर, फोटो, चार बटणं. सरळ एचटीएमएलमधे, म्हणजे वेबपानासारखं कर आणि क्रोम किऑस्क मोडला (फुल स्क्रीन, बाकी काही दिसत नाही) टाक. मजकूर चित्र न होता खऱ्या अक्षरांचा राहिला की स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर) वाचेल, त्यातलं एनव्हीडीए फुकट आहे, त्यातल्या ईस्पीक ह्या आवाजाला मराठी येतं. आवाज यंत्रासारखा आहे हे मात्र धरून चाल, मोठा मजकूर कुणाच्यातरी चांगल्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलास तर मुलं कंटाळणार नाहीत. पानाच्या एचटीएमएल टॅगला लँग एमआर (lang="mr", म्हणजे भाषा मराठी) लिहायला विसरू नको, नाहीतर रीडरला भाषाच कळत नाही. त्याचा अजून एक फायदा, ज्या फॉन्टमधे सोय आहे त्यात ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपले येतात. 'मल्लप्पा धनशेट्टी' हे एकच नाव टाकून बघ, त्यात ल पण आहे, श पण आहे, ट्ट पण आहे. फॉन्ट पास की नापास लगेच कळतंय.

जुळे_सोलापूरकर
आत्ता ब्राउझरमधे टाकून बघितलं. शिंदे नीट!! लँग लिहिल्याबरोबर ल पण बदलला. तीन आठवडे येड्यागत पीएनजी करालतो मी.

ब्रशवाला_मामा
पोरा, मी आधी बोर्ड रंगवायचो, फ्लेक्स आल्यापास्नं डीटीपी. कॉम्प्युटरचं ह्यांनी सांगितलं, मी अक्षराचं सांगतो.

केशरीवर पांढरं कधी टाकू नये. जवळून गोड दिसतं आणि चार पावलं मागं गेलं की उडतं, उजेड पडला तर विचारूच नको. केशरीवर काळं टाक. फोटोवर थेट लिहायचं नाही, कारण फोटोत एका जागी पांढरा सदरा असतो आणि शेजारी काळी टोपी, मग अर्धं अक्षर दिसतं अर्धं बुडतं. मधे एक गडद पट्टा पाहिजेच, आणि तो बऱ्यापैकी घट्ट, नुसती धुरकट सावली नको.

दुसरं म्हणजे ओळीतलं अंतर. इंग्रजीच्या हिशोबानं ओळी लावल्यास तर वरच्या ओळीतल्या ट्ट चा पाय आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत जातात. आपल्या अक्षराला वर पण सामान असतं आणि खाली पण, त्याला जागा लागती. आणि हेडिंग रुंद दिसावं म्हणून अक्षरं लांब लांब केलीयस का? केली असशील तर काढ, शिरोरेषा तुटती आणि शब्द न राहता सुटी अक्षरं टांगल्यागत दिसतात. ठळक पाहिजे तर जाड वजन घे, तिरपं करू नको.

आम्ही बोर्ड झाला की रस्त्याच्या पलीकडं जाऊन चहा प्यायचो आणि तिथनं वाचायचो. तुझ्या ऑफिसातल्यांनी दोन फुटावरनं वाचलं असणार, आणि मजकूर त्यांना आधीच पाठ.

चष्मा_जाड
मला जन्मापासून कमी दिसतं, म्हणून थोडं तिखट लिहितो. आपोआप सरकणारा मजकूर आधी बंद करा. मी एक ओळ पकडतो तोवर ती वर गेलेली असते, मग माणूस फोटोला बोट लावून पुढंच जाणार की. वेबपानं अपंगांनाही वापरता यावीत म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नियमातसुद्धा आहे, आपोआप सुरू होऊन पाच सेकंदापेक्षा जास्त चालणारी हालचाल थांबवता आली पाहिजे. पानं करा आणि 'पुढे' बटण द्या.

मामांचं केशरी मोजून बघितलं. झेंड्यासारख्या केशरीवर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) जेमतेम २.१ येतो, काळ्याचा ९.८. नियमाप्रमाणं साध्या मजकुराला किमान ४.५ पाहिजे, मोठ्या अक्षरांना ३. शुद्ध लाल पांढऱ्यावर ४ येतो, म्हणजे बारीक अक्षरांना तोही नापास. कॉन्ट्रास्ट चेकर फुकट मिळतात, डोळ्यावर भरवसा ठेवू नका, तुमच्या तर नाहीच, तुमचे डोळे चांगलेत.

अक्षर मोठं करायचं बटण द्या, दुप्पट झालं तरी मजकूर कापला जाऊ नये. बोरूच्या वळणाचे फॉन्ट देखणे असतात पण बारीक रेघ मला दिसतच नाही, ते शीर्षकापुरते ठेवा आणि खाली मुक्ता किंवा नोटो सॅन्स वापरा. 'हिरवं बटण दाबा' असं लिहू नका, बटणावर शब्द पाहिजे. आणि स्क्रीन दाराकडं तोंड करून आहे का? आपल्याकडच्या दुपारच्या उजेडात काचेत माणसाला स्वतःचंच तोंड दिसतं.

अशोक_चौक_अक्का
एक राहिलं बघा. माझी सासू तेलुगू वाचते, शेजारीण कन्नड. भाषेचं बटण त्या त्या लिपीत लिहा, 'तेलुगू' असं मराठीत लिहून तिला काय कळणार.

जुळे_सोलापूरकर
अपडेट. एचटीएमएल झालं, पट्टी गडद केली, सरकणं बंद, स्क्रीन दाराकडनं वळवली (हो तिकडंच तोंड होतं). शेजारच्या काकांना सहा फुटावर उभं केलं, "१२ जानेवारी १९३१, येरवडा" ह्या फाशीच्या ओळीपर्यंत न अडखळता वाचले आणि मग गप्प उभे राहिले. ओळीतलं अंतर अक्षराच्या साइजच्या १.६ पट ठेवलंय. तेलुगू मजकूर अक्का तपासून देणारेत. अडलंय ते एकाच जागी, अंध मुलांना काचेवर बटण कुठंय ते हाताला कसं लागणार? हेडफोन आणि साधी बटणं बाहेरनं जोडायचा विचार आहे. कुणाकडं जुना नंबर कीपॅड पडून असंल तर कळवा, सात रस्ता चौकात येऊन घेऊन जातो.