‘इन्फ्लमेशन’ शब्दाची धास्ती

अंगावरून पांढरं जायचं दुखणं जुनं झालं की पुढे गर्भाशयमुखाचा कॅन्सर ठरलेलाच, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. पटत नाही. बुरशी, ट्रायकोमोनास (लैंगिक संबंधातून पसरणारा एक सूक्ष्म परजीवी) किंवा जिवाणूंच्या संसर्गाने तिथल्या पेशी सुजतात, वेगळ्या दिसतात. उपचार झाले की बहुतेकदा मूळपदावर येतात. कॅन्सरकडे नेणारे बदल जवळजवळ नेहमी एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूचे, आणि तो विषाणूही बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. वर्षानुवर्षं चिकटून राहिला तरच भीती.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. माझ्या जाऊबाईंच्या पॅप स्मिअरच्या (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन करायच्या तपासणीच्या) रिपोर्टात ‘इन्फ्लमेशन’, म्हणजे सूज, वाचून सासूबाई देव पाण्यात घालून बसल्या. निघाला ट्रायकोमोनास! डॉक्टरीणबाईंनी गोळ्या भावोजींनाही दिल्या, कारण एकट्या बायकोने घेऊन तो परत येतो. “मला काय धाड भरलीय?” म्हणत त्यांनी चार दिवस चालढकल केली, ते सोडा. काही महिन्यांनी पॅप पुन्हा करायला लावली होती. सूज फार असली तर खरोखर बिघडलेल्या पेशी तिच्याआड झाकल्या जाऊ शकतात, म्हणून. दुसरा रिपोर्ट स्वच्छ आला.

उलट, एचपीव्हीला ना खाज ना स्राव. “मला काही त्रासच नाही, कशाला तपासू?” म्हणणाऱ्या माझ्या पन्नाशीतल्या मावशीची मला जास्त काळजी वाटते.